मेन स्विच भिंतीपलीकडे

पाण्यात पाय ठेवला आणि धाकट्याच्या पोटरीपर्यंत झिणझिण्या आल्या. तो उडी मारून मागे उंबऱ्यावर आला. स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीतला पाइप फुटला होता. त्यानं बाहेरचा कॉक बंद केला होता, पण भिंतीत मुरलेलं पाणी झिरपतच होतं. फ्रिजच्या प्लगवरून ओघळून ते फरशीभर पसरलं होतं.

समोर आई होती. पायात रबरी चपला, म्हणून अजून धडपणे उभी होती. पण तिच्या हातात ओलं फडकं होतं आणि ती स्विचबोर्डाकडे निघाली होती. कुठं ओल दिसली की पुसल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"आई! हात लावू नकोस!" तो ओरडला.

आईच्या कानाचं यंत्र बाहेर पलंगावर पडलं होतं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मेन स्विच भिंतीपलीकडे, थोरल्या भावाकडे. घराची वाटणी करताना दोघं वाट्या-ताटल्यांवरून हमरीतुमरीवर आले होते. पाण्याचा कॉक एकाकडे आणि विजेचा मेन दुसऱ्याकडे गेला, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एवढे शहाणे! त्याच दिवशी दोघांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, याच्याशी पुन्हा एक शब्दही बोलणार नाही. राग केव्हाच विरला, भीती मात्र राहिली. शपथ मोडली की जिच्या डोक्यावर हात ठेवला तिचा जीव जातो, हे लहानपणी खुद्द आईनंच सांगितलं होतं. गल्लीत थोरला समोरून आला की धाकटा ओठ घट्ट मिटून रस्ता बदलायचा.

आता इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर आई जाणार, न बोलावं तर डोळ्यांदेखत जाणार. आईनं फडकं पिळलं आणि हात वर केला.

"दादाऽऽ! मेन बंद कर!"

फडकं बोर्डाला टेकलं. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर आई सावकाश बोर्ड पुसत होती. फ्रिजची घरघर थांबली होती. कधी, ते त्याला सांगता आलं नसतं.

भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला. "आईला ओरडलास ना, तेव्हाच बंद केलाय. माझ्याकडची भिंतही ओली झालीय. तुला सांगणार होतो रे, पण तोंडच उघडेना."

धाकट्यानं पाण्यातून जाऊन आईच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग थोरला पुन्हा बोलला, तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

"आपण दोघंही बोललो रे... आई बरी आहे ना?"