तिसरा व्हॉल्व्ह

बँडच्या म्होरक्याने बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला. “खालच्या सुरांवर खरखरतो. बघ जरा.” मी कोणाची मुलगी, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बाहेर फोनवर बोलत असताना मी मागची फळी काढून आतल्या पेटलेल्या, काचेच्या नळ्यांसारख्या व्हॉल्व्हना पेन्सिलीने टिचक्या मारल्या. तिसरा खरखरला; दोष त्याचाच. याच खरखरीपायी त्याने भर तालमीत बेस वाजवणाऱ्या माझ्या बाबांना हाकलून गिटार स्वतःच्या गळ्यात घातली होती. “मशीन ठणठणीत आहे, म्हातारबा. तुमची बोटं गेली!” तेव्हापासून बाबा शर्टाची बटणंसुद्धा आईकडून लावून घेतात. नवा व्हॉल्व्ह खणातच होता. मी खण लोटला, फळी बसवली. तो आत आला. “काय निघालं?” “काही नाही. मशीन ठणठणीत आहे, काका. तुमची बोटं गेली.” तो हातांकडे बघत राहिला, मग अ‍ॅम्प्लिफायर उचलायला वाकला. मी म्हटलं, “राहू द्या. तुमच्या हातून पडेल.”