देवाचा उजवा

“उजवा म्हंजे देवाचा उजवा! आपला नाय!” कमळाकरने तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं.

“कळलं, बाबा,” कुणाली म्हणाली. “पार मुरबाडपर्यंत कळलं.”

धसईबाहेरच्या माळावर यंतरदेव उभा होता. दोन पुरुष उंच, निळा-तांबडा, परातीएवढे दोन वाटोळे डोळे आणि खाली दातांची जाळी. खेळण्यांवरून निघालेल्या एका मालिकेसाठी कंपनीने तो उभारला होता. त्या मालिकेच्या जगात सगळे यंत्रमानव, माणूस औषधालाही नाही. आणि हा त्यांचा परमपूज्य पुतळा. शूटिंग चाललं होतं तोवर चारी बाजूंना हिरवं कापड, गावाला आत मज्जाव. काम संपलं, कापड गेलं, माणसं गेली, देव राहिला.

बेवारस देवाला कोणीतरी कुंकू लावतंच. धसईत ते कमळाकरच्या बायकोने, गीताबाईने लावलं. पुढचं सगळं शास्त्र कमळाकरचं. मागे करवंदीची जाळी माजली होती, म्हणून महादेवासारखी अर्धीच प्रदक्षिणा. दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ लावून कौल घ्यायचा. उजव्या खांद्यावरचा दाणा पडला तर हो, डाव्यावरचा पडला तर नाही. धसईत बैल विकायचा तरी आता देवाला विचारून विकत.

आजचा कौल कुणालीच्या लग्नाचा होता. तिला शेणव्याचा प्रज्वल हवा होता. पोरगा सरळ, कामाला वाघ, निर्व्यसनी. कमळाकरलाही त्याच्यात खोट सापडली नव्हती, आणि शोधली नव्हती असं नाही. पण पोराचा बाप नवसू! पुतणीच्या लग्नात नवसूने माईकवरून टॉवेल-टोपीच्या मानाची नावं पुकारली. पोलीसपाटील झाला, मंडपवाला झाला, आचारी झाला. कमळाकरचं नाव राहिलं.

“इसरलो रे,” पोराला घेऊन कौलाला आलेला नवसू आज पुन्हा म्हणाला. “किती येळा हात जोडू?”

“मंडपवाला बरा ध्यानात ऱ्हायला!”

“त्याचा मंडप डोक्याव होता. दिसला.”

“आनि मी काय खाली सतरंजी होतो?”

नवसूच्या तोंडावर उत्तर आलं होतं. प्रज्वलने त्याचा दंड दाबला, म्हणून ते आत गेलं.

“लगीन माझं हाय आनि भांडन टोपीचं,” कुणाली म्हणाली. “उजवा पडला तर काय करनार ते बोला, बाबा. सगळ्यांसमोर बोला.”

“उजवा पडला तर हितंच, या पायांपाशी, नवसूच्या डोक्याव मी सोता टोपी ठेवीन. पन डावा पडला तर त्या पोराचं नाव घरात काढायचं नाय. देवाचा शबूद तो शबूद. फिरवनारा मी कोन?”

पुजारी धर्मा शिडीवर चढला. त्याने दोन्ही खांद्यांवर दाणे लावले, खाली उतरला, हात जोडून मागे सरला. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

लोकांच्या उजव्या हाताला असलेला दाणा घसरला, टिचकन पडला.

“आपला उजवा, देवाचा डावा,” धर्मा हळूच म्हणाला. “नाय म्हनतो देव.”

“बघा!” कमळाकर गरजला.

प्रज्वल मान खाली घालून उभा राहिला. कुणाली मात्र बापाच्या पुढ्यात येऊन उभी ठाकली. “फायबरचा हाय तो! आतून पोकळ हाय!”

“पोकळ हाय म्हनून तर खरं बोलतो. पोटात काय ठेवत नाय.”

“मग आजपासून त्याच्याशीच बोला. माझ्याशी नको.”

“कुने, बापाशी बोलतेस तू!” गीताबाई मध्ये पडली.

“बापाशी नाय गो आये. टोपीशी बोलते.”

नवसूने पोराला खेचलं. “चल रे. पाय ठेवनार नाय मी या गावात.”

तेवढ्यात माळावर एक गाडी येऊन थांबली, मागे टेम्पो. भाविक नावाचा कंपनीचा माणूस उतरला. मालिका परत सुरू होतेय, मूर्ती न्यायला आलोय, असं तो हसत म्हणाला. त्याला वाटलं, लोकांना आनंद होईल.

कमळाकरच्या अंगातला राग अजून उतरला नव्हता, त्याला आता नवं गिऱ्हाईक मिळालं. “हात लावून दाखव! खेळना वाटला काय तुला? आत्ता बोललाय तो, या सगळ्यांदेखत!”

गाव पुढे सरकलं. टेम्पोवाल्याने न सांगता टेम्पो वळवून ठेवला.

“बरं, बरं, राहू दे तुमच्याकडे,” भाविक म्हणाला. “खरं सांगू का, काका? आमच्या कथेतही हा कधी खोटं बोलत नाही.”

“ऐकलंस, नवसू? कंपनी मानते! देव न्यायला आली तरी मानते!”

नवसू वाटेवरूनच थुंकला.

“फक्त एक फोटो घेतो,” भाविक म्हणाला. “मूर्ती जागेवर आहे, एवढं ऑफिसला दाखवायला. समोरून हवा, चेहरा दिसेल असा.”

याला कोणाचीच हरकत नव्हती. माणसं आपसूक देवाच्या पुढ्यात ओळीने उभी राहिली. कमळाकर मधोमध. त्याने सदरा खाली ओढला, मान ताठ केली आणि कुणालीकडे न बघता म्हणाला, “तू पन ये. देवावर राग धरू नये.”

कुणाली आली नाही. प्रज्वलपाशी जाऊन उभी राहिली.

भाविकने धर्माच्या कमरेला खोचलेला कोयता मागून घेतला आणि देवाला वळसा घालून थेट करवंदीत शिरला. फांद्या कडाकडा तुटू लागल्या.

“ओ सायेब! तिकडं कुठं? काटं हायत!” कमळाकर ओरडला. “फोटो समोरून पायजे ना तुमाला?”

“म्हणून तर इकडे आलो, काका,” जाळीतून भाविकचा आवाज आला. “ते डोळे नाहीत, पंखे आहेत. तिकडे त्याची पाठ आहे.”