विसावं नाव

विसावं नाव वाचताच वर्ग गप्प झाला. आजही समोर एकोणीसच मुलं होती. नव्या बाईंनी नाव पुन्हा घेतलं, या वेळी खणखणीत आवाजात. मग हजेरीपटावर गैरहजेरी मांडली.

बाई बदलून येऊन पंधरा दिवस झाले होते. सरकारचा नियम साधा आणि निर्दय होता. विसापेक्षा कमी मुलं भरली की शाळेला टाळं. मग मुलांनी हायवे ओलांडून चार किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. मोजणी परवावर आली होती.

शाळा बचाव समितीचा अध्यक्ष शिंपी होता. सगळे त्याला काका म्हणत. सह्या, निवेदनं, रास्ता रोको, साहेबांच्या दारात ताटकळणं, सगळं त्याने अंगावर घेतलेलं. बाईंनी विसाव्या नावाचं विचारलं, तेव्हा मशीनवरून मान न उचलता तो म्हणाला की पोरगी मामाकडे आहे, मोजणीला येईल, तुम्ही काळजी करू नका. तिच्या आईकडे मात्र जाऊ नका, ती जरा तिरसट आहे.

बाईंना 'नको' म्हटलं की तेच करायची खोड होती.

आई शाळेच्या भिंतीला लागूनच राहायची, इस्त्रीची कामं करायची. तिने बाईंना स्टूल दिलं आणि इस्त्री बंद केली.

"तिचं नाव काढून टाका, बाई," ती म्हणाली. "रोज सकाळी इथपर्यंत ऐकू येतं."

खासगी शाळेची बस डोक्यात शिरलेल्या आया बाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांचा पारा चढला. आपल्या पोरीचं भलं बघायचं आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं, ही कुठली रीत, असं त्यांनी तोंडावर विचारलं.

"तुमच्या एका हट्टापायी एकोणीस लेकरं रोज तो हायवे ओलांडणार. एखादं गाडीखाली आलं तर झोप लागेल तुम्हाला?"

आईने हातातल्या कपड्याची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. मग आतून एक गणवेश आणला आणि कडक इस्त्री करून कागदात गुंडाळला.

"काकांना द्या, परवा लागेल," ती म्हणाली. "राहू द्या नाव."

बाई जिंकल्याच्या तोऱ्यात परतल्या.

मोजणीच्या दिवशी साहेबांनी एकेक डोकं मोजलं. विसाव्या नावाला खांद्यात सैल गणवेशातली मुलगी उठली आणि 'हजर' म्हणाली. साहेबांनी सही ठोकली. वर्षभर हीच यादी चालवा, एकही नाव इकडचं तिकडे नको, असं बजावून ते गेले. काका कोपऱ्यात डोळे पुसत होता. शाळा वाचली होती.

सगळे पांगल्यावर बाईंनी त्या मुलीला जवळ घेतलं. तिच्या आईवर आपण उगाच तोंड टाकलं, हे त्यांना खात होतं.

"आईला सांग, संध्याकाळी बाई येतायत. माफी मागायला."

मुलगी गोंधळली.

"माझी आई इथे नसते, बाई. मी काकांची भाची, आजच्यापुरती आलेय. ती मुलगी तर शाळेसाठी सगळे हायवेवर बसले होते ना, तेव्हाच ट्रकखाली मेली."