काटा खालीच होता

‘काटा वर गेला की गाडी वरडती, पोरी. त्याला नाय भ्यायचं. काटा खाली पडला की भ्यायचं. तवा काट्याचं ऐकायचं नाय, हात लावून बघायचं.’

सासऱ्यांचं, आबांचं, हे बोलणं हर्षालीने हसण्यावारी नेलं होतं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, नव्या सुनेला काहीतरी सांगणारच. गाडी थंड असली तर भ्यायचं कशाला, हे बीएस्सी झालेल्या तिला कळलं नव्हतं.

आता आणे घाटात, नऊ महिन्यांच्या श्रेयाला मांडीवर घेऊन, ती ट्रकमधल्या त्याच तापमानाच्या काट्याकडे बघत होती. काटा पार तळाला टेकला होता. आणि चपलेतून तिच्या पायाला चटके बसत होते.

“अहो, काटा बघा.”

“बघितला. थंड हाय गाडी.” सुदर्शन खुशीत होता. “मागं टोमॅटो भरलेत, घाट चढतोय, आन गाडी थंड! आजून काय पायजे?”

“खालून भाजतंय मला.”

“ऊन हाय. तुला काय, पोरगी शिंकली तरी दवाखाना दिसतो.”

तिने पाय आखडून घेतले. मागच्या उन्हाळ्यात गाडी सारखी तापायची म्हणून त्याने इंजिनचं पाणी तापेपर्यंत अडवून धरणारा थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. इकडे बरेच जण काढतात. तेव्हापासून काटा कधी अर्ध्यावर आला नाही. खाली बसलेल्या काट्याची घराला सवय झाली होती.

पुढच्या वळणावर इंजिन एकदा घरघरलं आणि बंद पडलं.

सुदर्शनने चाकांना दगड लावले. आळेफाट्याच्या दादाभाऊ मिस्त्रीला फोन केला. तो अर्ध्या तासात मोटरसायकलवर आला. ओलं फडकं धरून त्याने रेडिएटरचं झाकण हळूहळू सैल केलं. वाफ आली नाही. काहीच आलं नाही. मोबाइलचा उजेड पाडून तो आत डोकावला.

“पाणीच नाय राव हिच्यात.”

“पण काटा तर थंड दाखवत होता,” हर्षाली म्हणाली.

“वहिनी, काटा पाण्याची गरमी सांगतो. पाणीच नाय तर तो सांगणार काय? कोरडा पडला की गप खाली बसतो. बघणाऱ्याला वाटतं, गाडी निवांत हाय.”

दादाभाऊ गाडीखाली सरकला. एका पाइपाच्या तोंडावर पांढरे थर साचले होते. ते नखाने खरवडत तो खालूनच बोलला, “ही गळती आजची नाय. सा महिनं झालं आसतील. तांब्या-दोन तांबे रोज जातंय. कुनीतरी रोज भरत व्हतं, म्हनून चालली. आता चार-पाच दिस कुनी भरलं नाय. पाणी कोन बघतं तुमच्यात?”

सुदर्शन फडक्याला हात पुसतच राहिला. “आबा,” तो म्हणाला. “मला कधी बघावंच नाय लागलं.”

हर्षालीने श्रेयाला खांद्यावर घेतलं.

पूर्वी रोज सकाळी सहाला गाडीचं पुढचं झाकण धाडकन उघडायचं. पाठोपाठ आबांचा तोफखाना. ऑइल पाहिलं का, हवा पाहिली का, गाडी हाय का बैलगाडी. सासूबाई गेल्या आणि तो आवाज निम्म्यावर आला. मग एकदा त्या आवाजाने श्रेया दचकून उठली, आणि सुदर्शन म्हणाला, ‘आबा, हळू की जरा.’ त्या दिवसापासून आबा ओरडलेच नाहीत. घरात सगळ्यांना बरंच वाटलं. परवा तिने स्वतः आईला फोनवर सांगितलं होतं, “आबा आता एकदम थंड झालेत गं. काही त्रास नाही.”

काल रात्री त्यांच्या ताटात भाकरी तशीच होती. परवाही होती. तिने ती कुत्र्याला घातली.

आज आण्याला, तिच्या माहेरी, श्रेयाचं जावळ होतं. तिने विचारलं होतं, “आबा, चलता ना?” ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. “जावा तुमी. मी ठीक हाय.” गाडी निघाली तेव्हा ते दारातसुद्धा आले नव्हते.

तिने आबांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला. परत. शेजारच्या झुंबरबाई बाजाराला गेलेल्या, त्यांचा फोन बंद.

“झोपले असतील,” सुदर्शन म्हणाला. मग दादाभाऊकडे न बघताच त्याने हात पुढे केला. “चावी दे.”

मोटरसायकल घाट उतरून दिसेनाशी झाली. घरी, खोडदला पोचायला त्याला पाऊण तास तरी लागेल.

ती ट्रकच्या सावलीत उभी आहे. पोरगी खांद्यावर झोपलीय. खाली लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या उन्हात चमकताहेत, त्यांच्या अलीकडे कुठेतरी तिचं घर आहे. फोन कानाला आहे आणि पलीकडे रिंग वाजतेच आहे.

तुमच्यापैकी कोणी तिच्याहून जवळ असेल, तर एवढं करा. गोठ्याशेजारचं निळं दार आहे. आबा आतून कडी लावत नाहीत. हाक मारा. ‘मी ठीक हाय’ असं आतून ऐकू आलं, तरी माघारी फिरू नका. आत जा. हात लावून बघा.