समोरचा दवाखाना

दवाखाना लांब, म्हणून खेड्यातली म्हातारी माणसं उशिरा येतात आणि कॅन्सरनं जातात, असं मी मोबाइलवर वाचलं. मग फोपनार गावात राहणाऱ्या माझ्या साडूंच्या, लोटूभाऊंच्या, तंबाखूमागे हात धुऊन लागलो. बुऱ्हाणपुरात आमच्या घरासमोरच मोठा दवाखाना असल्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार मी स्वतःकडे घेतला होता. बसलेल्या आवाजात रोज फोनवर भाषण चालू.

शेवटी केळीच्या दोन फण्या घेऊन ते आले. म्हणाले, "मले काही नाही झालं, आत्मारामभाऊ. तुमचं बोलणं थांबावं म्हणून आलो."

डॉक्टरांनी त्यांचं तोंड नीट तपासलं. काही नाही, फक्त तंबाखू सोडा, म्हणाले. मी तिथेच पुढचं भाषण सुरू केलं.

डॉक्टरांनी मला थांबवलं. "अंकल, आपकी आवाज कब से ऐसी है?"

"दिवाळीपासून. पण समोरच राहतो ना, येऊ कधीतरी म्हटलं."

त्यांनी मला तपासायच्या खुर्चीत बसवलं, घशात दुर्बीण घालून बराच वेळ पाहिलं. मग गंभीर होऊन विचारलं, "पेशंट के साथ कौन आया है?"



खुर्चीत बसल्या बसल्या मीच रुबाबात हात वर केला.