धाकटीच खुनी
आखातातल्या मुहर्रक गावी व्हिडिओवाल्याकडे जपानी मालिकेची शेवटची कॅसेट आली आणि हलिमाने ती धास्तावतच लावली. मालिकेत पाच पोरींचा गाण्याचा गाजलेला ग्रुप होता, त्यांच्या मॅनेजरचा खून झाला होता आणि पडद्याच्या तळाशी अरबी भाषांतर धावत होतं. कुराण वाचणारी हलिमा ती अक्षरं घडाघडा वाचायची. अर्थ मात्र मफी, अगदी शून्य! तरी शेजारच्या पुणेकर हेमाला ती तीन महिने स्वतःच्या मनाने गोष्ट रचून सांगत होती. पाचांतली धाकटीच खुनी, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आज बेड्या पडल्या थोरलीच्या हातात. “हेमाताय, मला अरबी नुसती वाचता येते, कळत नाय,” हलिमा पुटपुटली. हेमा खुदकन हसली. “भाभी, लग्नाआधी मी पुण्यात जपानी शिकवायचे. पण मला तुमचीच गोष्ट आवडते. आता सांगा, थोरलीने धाकटीचा गुन्हा अंगावर का घेतला?”