मशेरीची डबी

"डबी दे." गंगुबाईने अक्षदाचं मनगट धरलं आणि सोडेचना.

शब्द नीट फुटत नव्हता. ऑपरेशनमध्ये डावा गाल आणि जबड्याचा तुकडा गेलेला, नाकात जेवणाची नळी. पण सासूचं बोलणं अक्षदाला आता कळायचं. शिवाय सकाळपासून तिचं हे एकच चाललं होतं.

"फेकली म्हटलं ना, आई!"

गंगुबाईने मान हलवली. सून खोटं बोलतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सून खरंच खोटं बोलत होती. डबी तांदळाच्या पिंपात होती.

चाळीस वर्षं गंगुबाईने दातांना मशेरी लावली. ती तव्यावर तंबाखू भाजायला बसली की दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या चाळीत चार खोल्यांपर्यंत लोक शिंकायचे. "ह्यो माझा दुसरा नवरा," असं डबी दाखवून म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. तीन वर्षांपूर्वी अक्षदाची दाढ ठणकत होती, तेव्हा डबी पुढे केली ती हिनेच. अक्षदा दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी सासू भडकली. "मोठी आली शिकल्याली! आमच्यात समद्या लावत्यात. कोन मेली?" अक्षदाने लावली. दाढ दुखायची थांबली, आणि मशेरी रोजची झाली.

सासूचा कॅन्सर कळला त्या दिवशी अक्षदा डबी घेऊन कचराकुंडीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. आज सकाळीही मोरीचं दार लावून तिने बोट फिरवलं होतं, दोनदा चूळ भरली होती. नवऱ्याला, सर्वेशला, यातलं काही माहीत नव्हतं. तिला स्वतःची किळस यायची आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

आईची तगमग बघून सर्वेश रडकुंडीला आला. "दे ना यार तिला. नसेल तर मी आणतो. डॉक्टर बोलले ना, पसरलंय. आता कशाला तिचा जीव मारायचा?"

"मी नाही देणार! यानेच झालंय सगळं!" अक्षदा ओरडली. तंबाखूला हातही लावू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, हे खरंच होतं. पण डबी गेली तर उद्या सकाळी आपलं कसं होणार, ही धास्तीही तितकीच खरी होती, आणि तिची तिला लाज वाटत होती.

गंगुबाईने हात जोडले. उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेली बाई सुनेच्या पाया पडायला वाकली. नळी लोंबकळली. अक्षदाचा धीर सुटला. तिने पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि डबी काढून सासूच्या हातात ठेवली. सर्वेश बघतच राहिला.

गंगुबाई भिंतीला धरत मोरीपाशी गेली. झाकण काढून तिने सगळी पूड मोरीत उपडी केली. टँकरचं पुरवून पुरवून वापरायचं पाणी, पण अख्खी कळशी तिने वर ओतली. मग वळून सुनेची हनुवटी धरली.

"दात दाखव," ती म्हणाली. "आता रोज दाखवायचं. मी हाय तवर."